सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची पर्यावरणाची कामे: ठरतात कशी आणि पैसा येतो कुठून?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गल्लीतला नाला, कॉलनीतली खुली जागा, शाळेच्या गच्चीवरचे सौर पॅनेल किंवा रस्त्याकडेची झाडे यांसाठी महापालिकेचे दार ठोठावणाऱ्या नागरिकांसाठी ही माहिती आहे. ठेकेदार, सल्लागार आणि नव्याने निवडून आलेले सदस्य यांनाही ती उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच सांगतो. काम मंजूर होणे वेगळे आणि ते पाच वर्षे चालू राहणे वेगळे. पहिल्याला पैसा देणारे पुष्कळ असतात, दुसऱ्याला जवळजवळ कोणी नसतो. खालची बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यावर येतात.

ही कामे महापालिकेवर बंधनकारक आहेत की ऐच्छिक?

दोन्ही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत. पाणीपुरवठा, गटारे, सांडपाणी आणि कचरा उचलणे त्यात येते. बागा, उद्याने ही कलम ६६ मधली ऐच्छिक कामे. फरक कागदी वाटतो, पण तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री ऐच्छिक कामांवर चालते. म्हणून मागणी लिहिताना ती शक्यतो बंधनकारक कर्तव्याशी जोडावी. 'सुशोभीकरण' लिहिले तर मागणी मागे पडते. 'सांडपाणी अडवणे' लिहिले तर नाही म्हणणे अवघड जाते. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हे विषयही आहेत, त्यांचाही आधार घेता येतो.

नियोजन कुठल्या कागदात दिसते? 'पर्यावरण आराखडा' मागितला तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात.

कारण तो एका कागदात नसतोच. शहराचा विकास आराखडा नगररचना विभागाकडे असतो आणि कुठली जागा उद्यानाला, कुठली सांडपाणी प्रकल्पाला राखीव हे त्यात दिसते. हवेसाठी वेगळा कृती आराखडा आहे, कारण राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची जी शहरे आहेत त्यांत सांगलीचे नाव आहे. घनकचऱ्याचा प्रकल्प अहवाल आरोग्य विभागाकडे, सांडपाण्याचा ड्रेनेज विभागाकडे, झाडांची गणना उद्यान विभागाकडे.

या सगळ्यांचे एकत्र चित्र देणारा एकच कागद म्हणजे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी महासभेपुढे ठेवायचा असतो. तो जरूर मागा. नदीचे पाणी, हवा, कचरा, आवाज यांचे मागच्या वर्षीचे आकडे त्यात असतात, आणि तुमच्या मागणीला महापालिकेचाच आकडा जोडलेला असला तर तिला वजन येते.

मागणी कधी द्यावी? पावसाळ्यात पाणी तुंबले की देतो, पण काही होत नाही.

पावसाळ्यात दिलेले पत्र तातडीच्या कामाचे ठरते. चर खणला जातो, मुरूम पडतो आणि विषय संपतो. कायमच्या कामासाठी अंदाजपत्रकाचे वेळापत्रक पाळावे लागते.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. विभागांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोळा होतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, स्थायी समिती बदल सुचवून ते महासभेकडे पाठवते. पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंतिम मंजुरी मार्च संपण्याआधी व्हायची असते. म्हणजे तुमचे पत्र दिवाळी झाली की लगेच प्रभाग समिती कार्यालयात आणि संबंधित विभागात पडायला हवे. जानेवारीअखेर आलेल्या पत्राला 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर मिळते, आणि त्यात अधिकाऱ्याचा दोष नसतो.

सभागृह अस्तित्वात नसेल तेव्हा महासभा आणि स्थायी समिती दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे असतात. तेव्हा पत्र त्यांच्या नावे, प्रत विभागप्रमुखाला.

अंदाजपत्रकात आमच्या कामाचे नाव आले. आता काम होणार ना?

लगेच धरून चालू नका. तरतूद म्हणजे खर्च करण्याची परवानगी, हातात आलेली रोकड नव्हे. जमेची बाजू फुगवली असेल, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जास्त धरली असेल, तर वर्षअखेरीस तरतूद असते आणि पैसा नसतो. शिवाय मागच्या वर्षी कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या कामांची बिले आधी भागवावी लागतात.

अंदाजपत्रक वाचताना तीन रकाने शेजारीशेजारी बघा: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. एखाद्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) दरवर्षी ५० लाख लिहिले जातात आणि प्रत्यक्ष खर्च ३-४ लाखांचा दिसतो, तर ते लेखाशीर्ष नावापुरते आहे. आपले काम अशा शीर्षाखाली घातले असेल तर आधी ते बदलून घ्या.

पैसा नेमका कुठून येतो?

स्वतःचे उत्पन्न, शासनाची अनुदाने, योजना आणि इतर, असे ढोबळ चार मार्ग. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या अटींवरच काम अडते किंवा सुटते.

स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांचे विकास शुल्क आणि महापालिकेच्या गाळ्यांचे भाडे येते. जकात आणि नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर १ जुलै २०१७ पासून राज्याकडून जीएसटीची नुकसानभरपाई दरमहा येते. पगार, निवृत्तिवेतन आणि वीजबिल यांचा मोठा भार हिच्यावरच असतो. महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण आणि मागासवर्गीय कल्याण यांसाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावे लागतात. हे सगळे वजा जाता जे उरते त्यातून बाग, झाडे आणि नाले. उरते थोडेच, पण देखभालीवर विनाअट खर्च करता येईल असा मोठा पैसा हाच.

वित्त आयोगाचे अनुदान हा दुसरा मोठा मार्ग. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांपेक्षा लहान शहरांना दिलेल्या अनुदानाची वाटणी अशी होती: ३० टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, उरलेले ४० टक्के बंधनमुक्त. बंधित पैशातून पथदिवे बसवता येत नाहीत, मागणी कितीही रास्त असली तरी. लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणे आणि मालमत्ता कराची वसुली वाढवणे या अटी मोडल्या की हप्ता थांबतो. घरपट्टी थकवणाऱ्याचा फटका कचराप्रकल्पाला बसतो तो असा.

केंद्राच्या योजनांत अमृत २.० (पाणीपुरवठा आणि सांडपाण्यासाठी) आणि स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० या दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाल्या. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना अमृतमध्ये केंद्राचा वाटा एक तृतीयांश असतो आणि तो २०, ४०, ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपली लोकसंख्या पाच लाखांच्या वर आहे, म्हणून आपण या गटात. बाकीचा खर्च राज्य आणि महापालिका वाटून घेतात. पहिला हप्ता वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही, आणि महापालिकेने स्वतःचा हिस्सा भरला नाही तर प्रमाणपत्रही अडते. 'केंद्राने पैसे दिले, मग काम का थांबले?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

राज्याकडून नगरोत्थान महाअभियान आहे. जिल्हा नियोजन समितीकडून नागरी क्षेत्रासाठी निधी मिळतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, म्हणून तिथली यादी महापालिकेच्या प्रस्तावाबरोबर राजकीय पाठपुराव्यावरही ठरते. राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर त्यात गुण दिले जातात, आणि मिळालेली बक्षिसाची रक्कम पर्यावरणाच्याच कामांवर खर्च करायची असते. लहान प्रकल्पांसाठी ही वाट चांगली आहे आणि नागरिक तिच्याकडे फारसे बघत नाहीत.

राहिला खासदार-आमदार निधी. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामे सुचवता येतात, पण हा पैसा टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभारण्यासाठी आहे, देखभालीसाठी नाही. ओपन जिम आणि पेव्हिंग ब्लॉक यांचीच रेलचेल का दिसते हे त्यावरून समजेल.

सांगलीत नियोजन करताना वेगळे काय बघावे लागते?

पूर आणि काळी माती. या दोन्हींकडे दुर्लक्ष करून केलेला प्रकल्प इथे टिकत नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही सगळ्यांच्या लक्षात आहेत. तेव्हा पंपगृहाचा वीज पॅनेल, सौर इन्व्हर्टर किंवा जनित्र बसवायची उंची २०१९ च्या पातळीवरून ठरवली पाहिजे. कामाच्या अंदाजपत्रकात चौथऱ्याची उंची नुसती 'जमिनीपासून ०.६० मीटर' लिहिलेली दिसली आणि जागा पूरपट्ट्यात असली, तर तिथेच हरकत घ्या. पॅनेल बुडाला की पंप बंद पडतो, आणि पूर ओसरल्यावर सगळ्यात जास्त गरज पंपाचीच असते.

निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते, तिथे फार तर मोकळे उद्यान किंवा झाडे बसतात. संरक्षक भिंत आणि भराव घालून 'नदीकाठ विकास' करणे म्हणजे पाण्याची जागा अडवून ते दुसऱ्याच्या घरात ढकलणे होय. नाला नदीला मिळतो त्या तोंडाशी एकतर्फी झडप किंवा गेट नसेल, तर नदी चढल्यावर नाल्यातून पाणी उलटे शहरात येते. नाल्याच्या कुठल्याही प्रस्तावात हे आधी तपासा.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाइपचे जोड निखळतात, चेंबर खचतात, पेव्हिंग ब्लॉक लाटांसारखे वर-खाली होतात. पाइपखाली वाळूची किंवा खडीची बैठक आणि चेंबरखाली काँक्रीटचा थर, ही बाब वगळून केलेले काम स्वस्त दिसते आणि दोन पावसाळ्यांत उघडे पडते. शामरावनगरासारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पाणी जिरवायचे खड्डे कुचकामी ठरतात. तिथे उतार मोजून पाणी बाहेर काढणारी पावसाळी गटारच लागते.

प्रस्ताव कसा लिहावा?

एका पानात. जागेचा सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, टेपने मोजलेली लांबी-रुंदी, आजची अडचण, तिचा फटका किती घरांना बसतो, हवे असलेले काम, आणि झाल्यावर रोजची निगा कोण राखणार. सोबत तारखेसह फोटो, त्यातला एक भर पावसातला. शंभर सह्यांपेक्षा मालमत्ता पत्रकाचा उतारा जास्त कामाचा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

'जागा महापालिकेची नाही' असे उत्तर आले. मग?

सांगली-मिरजेत सगळ्यात जास्त कामे इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जागेच्या चार तऱ्हा बघायला मिळतात.

मंजूर रेखांकनातली खुली जागा असेल तर ती महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाली आहे का ते बघा. बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिली असेल तर तिथे सार्वजनिक पैसा घालता येत नाही. सोसायटीने नगररचना विभागाकडे हस्तांतरणासाठी अर्ज करावा. तोवर लोकवर्गणीतून झाडे लावायला कोणी अडवत नाही.

गुंठेवारीचा (शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) भाग असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाले आहेत का हा पहिला प्रश्न. नियमितीकरणातून जमा होणारे विकास शुल्क त्याच भागातल्या सुविधांसाठी असते, हे पत्रात आवर्जून लिहा. शुल्कच भरलेले नसेल तर ड्रेनेजची मागणी कमकुवत ठरते. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी भरले आणि निम्म्यांनी नाही, अशी अवस्था सर्रास दिसते. आधी आपसात बसून ती दुरुस्त करावी, हाच आमचा सल्ला.

विकास आराखड्यातले आरक्षण असेल आणि जागा अजून खाजगी मालकाकडे असेल, तर महापालिकेने ती रोख मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घ्यायची असते. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. बागेचे आरक्षण असे हातचे गेले की त्या प्रभागात ते परत मिळत नाही. आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी आणि त्यांवर आलेल्या नोटिसा यांवर नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे.

चौथी तऱ्हा म्हणजे जागा दुसऱ्या शासकीय खात्याची. रस्ता सार्वजनिक बांधकामचा, नदीकाठ जलसंपदाचा, मिरजेत कितीतरी पट्टे रेल्वेचे. त्या खात्याचा ना-हरकत दाखला निविदेआधी हवा. कार्यादेश दिल्यावर दाखला मागायला गेले की ठेकेदार मुदतवाढ मागतो आणि दर वाढतात.

मंजुरीपासून बिलापर्यंत टप्पे कोणते?

कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करून त्या कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक करतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचे आणि खर्च या लेखाशीर्षातून. त्यानंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे संकल्पचित्र आणि दर बरोबर आहेत. पुढे महाटेंडर संकेतस्थळावर ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, स्थायी समितीची मंजुरी, सुरक्षा अनामत, करारनामा, कार्यादेश. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत नोंदी, त्रयस्थ संस्थेची तपासणी, मग बिल.

सरळ चालले तरी पाच-सहा महिने सहज जातात. त्यात आचारसंहिता किंवा पावसाळा आला की वर्ष जाते. खोदाईचे काम असेल तर कार्यादेश नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत हातात पडेल असे उलटे गणित मांडा. मेमध्ये कार्यादेश मिळालेले ड्रेनेजचे काम म्हणजे पावसाळाभर उघडा चर.

आणखी एक धोका. अंदाजपत्रकापेक्षा २०-२५ टक्के कमी दराची निविदा आली की सगळ्यांना आनंद होतो. पण दरसूचीत (शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीत) एवढी चरबी क्वचित असते. उरलेली बचत खडीच्या थरातून आणि सिमेंटमधून होते. अशा वेळी जादा सुरक्षा अनामत घेतली का आणि साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल कुठे आहेत, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

दहा लाखांचे काम बारा लाखांना कसे जाते?

दर शासनाच्या दरसूचीतून घेतात: बांधकामाच्या बाबी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, पाणी आणि ड्रेनेजच्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या. दरसूचीत नसलेल्या वस्तूसाठी, जसे कंपोस्ट यंत्र, दरपत्रके मागवतात. मूळ रक्कम १० लाख असेल तर १८ टक्के जीएसटीचे १ लाख ८० हजार आणि १ टक्का कामगार कल्याण उपकराचे १० हजार मिळून ११ लाख ९० हजार होतात. त्यावर त्रयस्थ तपासणी आणि आकस्मिक खर्च. ही वाढ नियमातली आहे. संशय घ्यायचाच असेल तर परिमाणांवर घ्या: लांबी, खोली, थराची जाडी. पैसा मुरतो तो तिथे.

पाचशे झाडे लावायची आहेत. महापालिका काय देईल आणि काय मागावे?

१९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण असते. त्याचा स्वतंत्र निधी असतो, आणि घरपट्टीच्या बिलात तुम्ही वृक्ष उपकर भरत असता. मागणी याच निधीतून करा.

रोप ६ ते ८ फुटांचे मागा. दोन फुटांचे रोप उन्हाळा काढत नाही. खड्डा किमान दोन फूट लांब, रुंद आणि खोल, मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावा. काळी माती चिकट असेल तर निम्मी काढून पोयटा आणि कुजलेले शेणखत घालावे. लागवड पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर.

खरे गणित पाण्याचे आहे. फेब्रुवारी ते जूनच्या पावसापर्यंत दर झाडाला आठवड्यातून दोनदा २० लिटर धरा. पाचशे झाडांना एका फेरीला १० हजार लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे दोन टँकर. आठवड्याला चार, महिन्याला सोळा-सतरा टँकर, आणि हे सलग तीन उन्हाळे. डिझेल, चालक आणि पाइप धरणारा माणूस यांचा खर्च प्रस्तावात लिहिलेला नसेल तर त्या प्रस्तावाला वृक्षारोपण म्हणू नये, तो फोटोचा कार्यक्रम आहे. निविदेत 'तीन वर्षे संगोपन, मेलेले झाड ठेकेदाराने बदलून देणे आणि जगलेल्या झाडांच्या मोजणीनुसार हप्ते' ही अट घालून घ्या. या एका अटीने चित्र बदलते.

वीजतारांखाली बहावा किंवा तामण, रुंद रस्त्याला कडुनिंब किंवा करंज, नदीकाठी अर्जुन आणि जांभूळ. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, अरुंद रस्त्याला नको. बुंध्याभोवती किमान तीन फूट माती उघडी राहिली पाहिजे, काँक्रीट बुंध्याला भिडवू देऊ नका. आणि जाळी खोडात रुतायच्या आधी काढण्याचे काम कोणाचे, तेही लिहा.

पर्जन्यजल संधारणाचे काय? सक्ती आहे ना?

एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर सक्ती आहे. हिशेब सोपा: एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. हजार चौरस फुटांचे छत सुमारे ९३ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पाऊस धरून आणि २० टक्के घट सोडून ३७ हजार लिटर मिळतात. पहिल्या पावसाचे शे-दोनशे लिटर पाणी धूळ आणि विष्ठेसह बाहेर सोडावे.

पूरपट्ट्यात मात्र छताचे पाणी बोअरमध्ये सोडण्याच्या आम्ही विरोधात आहोत. पुरात ड्रेनेजचे चेंबर उलटे भरतात आणि तेच पाणी त्या वाटेने भूजलात उतरते. तिथे टाकीत साठवा. पुनर्भरण माळावरच्या, मुरमाड भागात करा.

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल?

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. २० किलोवॅट म्हणजे २ हजार चौरस फूट आणि ८० युनिट. छताची मजबुती आधी तपासा, महावितरणकडून नेट मीटरिंग (जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची सोय) घ्या. महापालिकेला एकरकमी पैसे घालायचे नसतील तर कंपनीने उभारायचे आणि युनिटमागे दर घ्यायचा, असा करार करता येतो. त्यात देखभाल कंपनीकडे राहते, आणि एवढ्यासाठीच आम्हाला तो जास्त पसंत आहे. धूळ बसून उत्पादन घटते, पंधरा दिवसांनी धुणे लागते. त्यासाठी गच्चीवर पाण्याचा नळ अंदाजपत्रकातच धरा.

सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी महापालिकेकडे जायची गरज नाही.

शेरीनाल्यासारखा प्रश्न पैसे घालूनही वर्षानुवर्षे का रेंगाळतो?

सांडपाण्याचे परिमाण आधी समजून घ्या. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, हे नियोजनाचे प्रमाण आहे. पाच लाख लोकसंख्येला रोज ५ कोटी ४० लाख लिटर होतात. यातले जेवढे गटारात शिरून शुद्धीकरण केंद्रापर्यंत जात नाही, तेवढे नाल्यांतून नदीत जाते.

शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळू नये म्हणून ते उपसून धुळगावला नेण्याची योजना झाली. कल्पना चांगली होती, शेतीलाही पाणी मिळते. पण उपसा योजना रोज चालावी लागते. पंप थांबला की पाणी आपल्या उताराने नदीत जाते, आणि त्याच नदीवर लोकांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे.

पंपाच्या विजेचा हिशेब करून बघा. २० अश्वशक्तीचा एक पंप तासाला साधारण १५ युनिट घेतो. दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला सुमारे ७,२०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी ५७ हजार रुपये, तोही एका लहान पंपाचा. त्यावर चालक, वाइंडिंग जळणे, चोक काढणे. योजना उभी करताना केंद्र आणि राज्य पैसे देतात, हे बिल मात्र महापालिकेच्या महसुली तिजोरीतून जाते. म्हणून कुठल्याही उपसा प्रकल्पाच्या अहवालात पहिल्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि त्याचे लेखाशीर्ष नसेल तर त्याला मान्यता देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तलावांनाही हेच लागू. काळी खण असो की मिरजेचा गणेश तलाव, क्रम एकच: आधी आत येणारे सांडपाणी अडवा, मग गाळ काढा, मग काठ बांधा, कारंजे सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केले की कारंजे घाण पाणी उडवते आणि त्याचे नोझल तुंबतात.

हरित कर्जरोखे (पर्यावरणाच्या कामांसाठी गुंतवणूकदारांकडून उभारलेले कर्ज) काढता येतील का?

इंदूरने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे, त्याआधी २०२१ मध्ये गाझियाबादने सांडपाणी पुनर्वापरासाठी १५० कोटींचे काढले. त्यासाठी चांगले पतमानांकन, वेळेवर लेखापरीक्षण आणि परतफेडीसाठी बाजूला ठेवता येईल असे नियमित उत्पन्न लागते. आपल्या आकाराच्या महापालिकेने आधी पाण्याची गळती आणि थकबाकी कमी करावी, असे आम्हाला वाटते. गळती थांबली की पंपाची वीज वाचते, आणि ती बचत व्याजाशिवाय मिळते.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी?

मिळतो, पण ठराविक कंपन्यांकडूनच. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांतली एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला प्रत्येक कारखाना त्यात बसत नाही. संस्थेला निधी घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. जागा महापालिकेची असेल तर तिघांचा करारनामा करा आणि मालकी, वीजबिल आणि पाच वर्षांची देखभाल कोणाकडे हे त्यात लिहा. न लिहिल्यामुळे बंद पडलेले पाणी शुद्धीकरण संच आणि कंपोस्ट यंत्रे कुठल्याही शहरात बघायला मिळतील.

हिशेब बघायचा असेल तर?

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा. 'सर्व माहिती द्या' असे लिहू नका. कामाचे नाव, कार्यादेश क्रमांक आणि हवे ते कागद लिहा: मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चाचणी अहवाल, त्रयस्थ तपासणी अहवाल. कागदांच्या प्रतींपेक्षा प्रत्यक्ष पाहणी मागितली तर बरेचदा लवकर समजते, आणि कायद्याने चालू कामाची पाहणी व साहित्याचे नमुनेही मागता येतात.

काम झाले आणि सहा महिन्यांत बिघडले. कोणाला धरायचे?

करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते आणि त्याची सुरक्षा अनामत महापालिकेकडेच असते. म्हणून मुदत कधी संपते ती तारीख काम संपल्याच्या दिवशीच शाखा अभियंत्याकडून लिहून घ्या. बिघाड दिसताच फोटो, मोजमाप आणि कार्यादेश क्रमांकासह पत्र द्या, त्यात 'दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये' असे स्पष्ट वाक्य घाला, आणि प्रत लेखा विभागालाही द्या. अनामत परत करण्याचा धनादेश तिथूनच निघतो.